माशी हातावर ठेवतात, पण जागा सांगत नाहीत, असे का?

प्रश्न – गरीवाला_एडिसन

नमस्कार मंडळी. मी मूळचा मालवणचा. लहानपणी खाडीवर गरवायला जात असे आणि आता न्यू जर्सीत राहून फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर पिसे आणि धागा बांधून केलेल्या नकली ‘माशी’ने मासे पकडणे, शिकत आहे. मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत, बीव्हरकिल नदीवर गेलो होतो. मासे पृष्ठभागावर येऊन किडे टिपत होते, पण माझ्या माशीकडे एकही फिरकत नव्हता. शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी ते पाहिले आणि पाण्यातून चालत माझ्याकडे आले. त्यांनी माझ्या दोरीचे जाड टोक कापून तिथे बारीक धागा जोडला, आपल्या डबीतल्या दोन माश्या माझ्या तळहातावर ठेवल्या आणि पैसे मात्र घेतले नाहीत. संध्याकाळी ते कुठे जाणार आहेत, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी हसून विषय बदलला. इतक्या उदार माणसाने एवढीच गोष्ट का राखून ठेवावी? आणि अशा माणसाची परतफेड कशी करावी?

उत्तर – डोंगरझरा

आपल्याला जे दिसले ती इथली जुनी रीत आहे आणि मला ती योग्य वाटते. दोरी कशी फेकावी, प्रवाह कसा वाचावा, कोणता किडा उडत असताना कोणती माशी लावावी, हे ज्ञान कितीही वाटले तरी नदीचे काही कमी होत नाही; जागेचे मात्र तसे नसते. उन्हाळ्यात पाणी साधारण 20 अंश सेल्सियसच्या वर गेले की ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाला प्राणवायू पुरेनासा होतो आणि मुख्य नदीतले मासे थंड ओढ्यांच्या मुखाशी दाटीवाटीने जमतात. अशा एखाद्या मुखाचे नाव छायाचित्रासह सगळीकडे पसरले, तर आधीच दमलेले तेच मासे पुन्हा पुन्हा गळाला लागतात आणि परत सोडले तरी त्यांतले कित्येक मरतात. त्या गृहस्थांच्या मनात नेमके काय होते हे मी सांगू शकत नाही, परंतु जागेबाबत मौन पाळणारी बहुतेक जाणती माणसे माशांची काळजी म्हणूनच ते पाळतात.

उत्तर – पिसे_आणि_धागा

डोंगरझरा यांचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र ज्ञानाबाबतचा मोकळेपणा इथे पहिल्यापासून होता, असे कोणी समजू नये. 1890 मध्ये माशीने मासे पकडण्यावर पुस्तके लिहिणारे इंग्लंडचे फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी थिओडोर गॉर्डन या अनोळखी अमेरिकन माणसाच्या पत्राला उत्तर तर दिलेच, शिवाय पाण्यावर तरंगणाऱ्या माश्यांचे नमुनेही पाकिटात घालून पाठवले. इंग्लंडच्या संथ, नितळ नद्यांसाठी केलेल्या त्या माश्या कॅट्सकिलच्या खळाळत्या पाण्याला आणि इथल्या किड्यांना जुळत नव्हत्या, म्हणून गॉर्डन यांनी त्यांवरून स्वतःच्या माश्या घडवल्या आणि कॅट्सकिल पद्धतीची परंपरा तिथून पुढे गेली. पण खुद्द गॉर्डन यांनी आपली बांधणी फारशी कोणाला दाखवली नाही. रॉय स्टीनरॉड हे त्यांच्याकडून शिकलेल्या मोजक्या लोकांपैकी एक, आणि त्यांनी मात्र पुढे कितीतरी मुलांना हातचे न राखता शिकवले.

याच भागातले नामांकित कारागीर रूब क्रॉस यांनी वॉल्ट डेट या तरुणाला शिकवायला साफ नकार दिला. तेव्हा डेट आणि त्यांच्या सोबत्यांनी क्रॉस यांच्याच माश्या विकत आणल्या आणि एकेक वेढा उलगडत, आधी पंख बसवला की शेपटी, धागा कुठे थांबला, हे पाहत ती कला आत्मसात केली. मी स्वतः माश्या बांधतो, म्हणून सांगतो की कोंबड्याच्या मानेचे पीस गळाच्या दांडीभोवती किती ताण देऊन गुंडाळायचे, हे अशा उलगडण्यातून कळायला फार वेळ लागतो; शेजारी बसलेल्या जाणत्याने बोट धरून दाखवले, तर तेच एका बैठकीत उमगते.

उत्तर – सावित्रीकाठ

परतफेडीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. त्या गृहस्थांना काही देण्याची गरज नाही. आपल्या डबीत चार माश्या जास्तीच्या ठेवा आणि कोणी नवखा अडलेला दिसला तर त्याला द्या. मात्र आधी विचारा, कारण काहींना एकांत हवा असतो. माशी देताना तिच्या गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून द्या आणि मासा हातात घेण्यापूर्वी हात ओले करायचे, हेही सांगा, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडण्याचा धोका वाढतो.

जागेबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. जाहीर लिहू नये हे खरे, पण ज्याची वागणूक आपण नदीवर पाहिली आहे, अशा माणसाला सोबत घेऊन जाण्यात काहीच गैर नाही. मला अशाच एका बाईंनी त्यांच्या ओढ्यावर नेले होते. आपणही त्या गृहस्थांना पुन्हा भेटलात, तर जागा विचारू नका. त्यांच्या माशीवर मासा कसा आला ते सविस्तर सांगा.