पायथॉन: नग की वजन? पूर्णांक-दशांश कसं तपासू?

रानफूल: मामाच्या किराणा दुकानासाठी बिलाचा छोटा प्रोग्राम लिहितेय. साबण नगावर जातो, साखर किलोवर. साबणापुढे कुणी २.५ टाकलं तर अडवायचं, साखरेला चालू द्यायचं. आकडा पूर्णांक की दशांश, कसं ओळखू? लॅपटॉप जुना आहे, खर्च शून्य.

नगरी_तडका: तयार बिलिंग सॉफ्टवेअर घ्या. आम्ही दरवर्षी पैसे भरतो, पण जीएसटीसकट बिल निघतं.

सह्याद्री७: टाइप बघा, इंट (पूर्णांक) की फ्लोट (दशांश). एका ओळीचं काम.

अर्धविराम: नाही चालणार. इनपुटमधून येते ती स्ट्रिंगच, म्हणजे नुसता मजकूर, ५ टाका नाहीतर २.५. आधी फ्लोट करा, मग इझ_इंटिजर लावा, किंमत पूर्ण आहे का ते सांगतं.

सह्याद्री७: मग ५.० लाही हो म्हणेल!

अर्धविराम: म्हणू दे की. पाच वड्या त्या पाचच.

वेबवाला: जावास्क्रिप्टवर या. नेहमीचे नंबर सगळे एकाच प्रकारचे, इंट-फ्लोटची कटकटच नाही.

पैपैचा_हिशेब: प्रश्न नगाचा आहे, पण दराकडेही बघा. ४.३५ ला १०० ने गुणून इंट केलं की ४३५ नाही, ४३४ येतं. ४.३५ बायनरीत, म्हणजे संगणकाच्या ०-१ च्या पद्धतीत, नेमका बसत नाही, गुणाकार ४३४.९९९… येतो आणि इंट अपूर्णांक छाटून टाकतं. आम्ही करून घेतलेल्या प्रोग्राममध्ये हेच होतं, रोज गल्ला जुळवताना जीव जायचा. दशांश जसाच्या तसा ठेवणारं डेसिमल मॉड्यूल पायथॉनसोबतच येतं, फुकट. त्याला ४.३५ अवतरणात द्या, नाहीतर फ्लोटची चूक आत जाते.

सह्याद्री७: राउंड करा, झालं.

नगरी_तडका: म्हणून म्हटलं, तयार घ्या.

रानफूल: सगळ्यांचे आभार. फ्लोट कुठेच वापरत नाही. मामा टाकेल ती स्ट्रिंग इझडेसिमलने तपासते, नुसते अंकच असतील तर ते हो म्हणतं. टिंब, वजाचं चिन्ह, रिकामी जागा, सगळ्याला नकार. ५.० लासुद्धा, कारण साबणापुढे टिंब आलं म्हणजे मामा वजन समजून टाकतोय, परत विचारलेलं बरं. देवनागरी १२ टाकून पाहिलं, इंट तेही बरोबर वाचतं. दर पैशांत, साखर ग्रॅममध्ये, म्हणजे सगळे पूर्णांकच.

अर्धविराम: ग्रॅममध्ये? काट्यावर १.२५० दिसतं, मामा गुणाकार करत बसणार का?

रानफूल: काट्यावर टिंबानंतर कायम तीन आकडे असतात. टिंब सोडून दिसतील ते आकडे टाकायचे, १२५०. पाव किलोला ०२५० टाकलं तरी इंट २५० च घेतं.