२८० मध्ये मराठी बसवताना तुम्ही काय कापता?

ट्विटर (आताचं एक्स) २००६ मध्ये आलं तेव्हा एका पोस्टला १४० चिन्हांची मर्यादा एसएमएसवरून ठरली: १६० मधले २० वापरकर्त्याच्या नावासाठी राखले, उरले ते आपले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याचे २८० झाले. जपानी-चिनीवाले मात्र १४० वरच राहिले, कारण त्यांचं एक अक्षर दोन धरतात. देवनागरीला ती शिक्षा नाही, पण काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त (पाय मोडायची खूण), सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'मुंबई' पाच भरते, 'श्री' एकटं चार खातं. तर मुंबईकरांनो, तुम्ही काय कापता, आणि काय कापायला हात धजत नाही? फक्त एक्सच नाही, एसएमएसपासून काहीही चालेल.

मुलुंड, प्रवाशांसाठी हँडल चालवतो

शनिवारी रात्री मेगाब्लॉकची (रुळांच्या कामासाठी लोकल बंद किंवा वळवतात त्याची) पोस्ट टाकणं हे माझं ठरलेलं काम. रेल्वेचं पत्रक लांबलचक. 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' पूर्ण लिहिलं की २९ गेले, 'सीएसएमटी' आठात होतं. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' सगळ्यात आधी उडवतो, दिलगिरी मी कशाला व्यक्त करू? 'जलद गाड्या धिम्या मार्गावर' हे मात्र काहीही झालं तरी ठेवतो. नाहूर-कांजूरला उभ्या असलेल्या माणसाला गाडी थांबणार की नाही, एवढंच हवं असतं. लोक म्हणतात, दोन-तीन पोस्टची माळ कर. अहो, पहिल्या पोस्टचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर फिरतो, दुसरी कोणी उघडतही नाही. हार्बर मार्गवाल्यांना म्हणूनच स्वतंत्र पोस्ट.

परळ, पतपेढीत कारकून

२८० ला रडताय होय! मराठी एसएमएस पाठवून बघा. इंग्रजीत १६० मिळतात, देवनागरीत ७०. त्यापुढे गेलात की ६७-६७ चे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे. इंग्रजी मजकुरात एक मराठी शब्द घातलात तरी अख्खा मेसेज सत्तरच्या हिशोबात जातो. आमचे बरेच सभासद निवृत्त गिरणी कामगार, त्यामुळे मराठीला पर्याय नाही. चिटणीसांना 'मा. सभासद' हवं, वर 'आपली उपस्थिती प्रार्थनीय'. खजिनदार एकाच मेसेजचे पैसे देणार. आणि 'वार्षिक सर्वसाधारण सभा' एवढ्यालाच २२ लागतात. 'वार्षिक' उडवायला निघालो तर चिटणीस भडकले, विशेष सभा वाटेल म्हणे. त्यांचं बरोबर होतं. शेवटी गेला तो असा: 'वार्षिक सर्वसाधारण सभा रवि. १४ सप्टें. सायं ५, पतपेढी हॉल. अवश्य या.' मोजा. ६८ आहेत. 'प्रार्थनीय' गेल्याची हळहळ चिटणीसांनी सभेतही बोलून दाखवली.

गिरगाव

लिंक आखूड करत बसणाऱ्यांनो, एक्सवर लिंक कितीही लांब असो, २३ च धरतात. इमोजी मात्र दोन खातो. नमस्काराचे हात काढलेत तर दोन वेलांट्या सुटतील.

दादर, एका लोकप्रतिनिधींचं अकाउंट सांभाळायचे

१४० चा काळ होता. ६ डिसेंबरला 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर' म्हणजे ३०, 'महापरिनिर्वाण दिनी विनम्र अभिवादन' म्हणजे ३३. यातलं काही कापायचा प्रश्नच नाही. उरलेल्या जागेत साहेबांना चैत्यभूमी हवी, स्वतःचं पद हवं, सोबत आलेल्या सगळ्या पदाधिकाऱ्यांची नावं हवीत. नावं मग मी फोटोवरच छापायला लागले. त्यातही क्रम! ज्याचं नाव खाली गेलं तो माझा फोन उचलायचा नाही. २८० झाल्यावर वाटलं सुटले. झालं काय, तर यादी लांबली आणि प्रत्येक नावामागे 'मा.' लागलं.

विलेपार्ले, मुद्रितशोधन करते

'ऱ्या' वर लक्ष ठेवा. काही कीबोर्ड तो साध्या 'र' ला हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह लावून बनवतात, काही थेट 'ऱ' वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण पहिल्यात ते न दिसणारं चिन्हही मोजलं जातं. 'शेतकऱ्यांच्या', 'करणाऱ्यांनी' असले शब्द ओळीने आले की चार-पाच फुकट गेलेच. मर्यादा थोडक्यात ओलांडली असेल तर मी आधी 'ऱ्या' नव्याने टाइप करते, मग मजकुराला हात लावते. त्यानंतर 'करण्यात येत आहे' चं 'करत आहोत'. ते मर्यादा नसती तरी केलंच असतं.

फोर्ट, तार (टेलिग्राम) खात्यातून निवृत्त

आमच्याकडे पैसे शब्दावर. फॉर्म हातात आला की गिऱ्हाईकाला मीच सुचवायचो, हा शब्द काढा, अर्थ बदलत नाही. शुभेच्छांच्या तारांना तर ठरीव वाक्यांचे नंबरच होते, नुसता नंबर लिहायचा. पण घरच्या माणसाचं नाव काढा म्हटलं की लोक पैसे वाढवून द्यायचे. जुलै २०१३ मध्ये सेवा बंद झाली.

बोरिवली

ब्लूस्कायवर (एक्ससारखंच दुसरं समाजमाध्यम) ३०० मिळतात आणि मात्रा अक्षरातच धरतात, तिथे 'मुंबई' तीनच. जागा ऐसपैस, वाचायला मराठी माणूस शोधावा लागतो.

मुलुंडवाले पुन्हा

परळचे काका, पतपेढीची निवडणूक आली की ७० मध्ये काय करणार?

परळ

दोन मेसेजचे पैसे आत्ताच मंजूर करून घेतलेत. उमेदवारांची नावं कापायची माझी छाती नाही.