कॅज्युअल्टीत ताटकळत ठेवलं तर नेमकं काय विचारायचं? (सोलापूर)

नमस्कार मंडळी. इथं कुणी डॉक्टर, सिस्टर असतील तर त्यांचं मत आधी हवंय.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. वय ४८, शुगर आहे. मागच्या महिन्यात सेकंड शिफ्ट करून घरी आलो आणि छातीवर दाब, डावा हात जड, दरदरून घाम. शेजाऱ्याची रिक्षा दारातच होती, त्यामुळं १०८ ची वाट न बघता शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. नाव विचारू नका.

ईसीजी लगेच काढला. छातीत दुखत असेल तर आल्यापासून दहा मिनिटांत तो व्हायला हवा म्हणतात, तेवढ्यात झाला. रक्तही घेतलं. आणि मग "बसा". कॉट रिकामी नव्हती, म्हणून बाकड्यावर. हाताला सुई लावलेली, तिची चिकटपट्टी घामानं सुटायला लागली, तर बायकोनं रुमालानं बांधली. मध्ये अपघाताचे पेशंट आले, त्यांना आधी घेतलं. घ्यायलाच पाहिजे, त्याचा राग नाही. पण मला पुन्हा दुखायला लागलं तेव्हाही उत्तर तेच, "रिपोर्ट येऊ द्या की ओ!" पहाटे परत रक्त घेतलं, कशासाठी ते कुणी सांगेना.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी नंतर उलगडून सांगितलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातून ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात येतं, पण ते वाढायला काही तास जातात, म्हणून पहिली टेस्ट नॉर्मल आली तरी दुसरी करतात. म्हणजे थांबवलं ते बरोबरच होतं. एवढं तिथंच कुणी बोललं असतं तर बायको रात्रभर काउंटरवर खेटे घालत बसली नसती. मात्र दुखणं परत सुरू झाल्यावर ईसीजी पुन्हा काढायला हवा होता, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. तो काढला नाही, आणि माझं डोकं तिथंच फिरलंय.

सध्या गोळ्या चालू आहेत, स्ट्रेस टेस्ट व्हायचीय. पुन्हा तशी वेळ आली तर वाद न घालता "आता परत तपासा" हे कुणाला आणि कसं सांगायचं? ड्युटीवरच्या सीएमओला (कॅज्युअल्टीच्या डॉक्टरला) गाठायचं की सिस्टरला? पेशंट किती तातडीचा यावरून लाल, पिवळा, हिरवा असे गट करतात, त्यातल्या कुठल्या गटात आपल्याला टाकलंय हे विचारलं तर सांगतात का?

दुसरं म्हणजे, पहिल्या ईसीजीची प्रत आणि केस पेपर अजून मिळालेले नाहीत. मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात असा नियम आहे ना? तोंडी मागून झालं, "साहेब नाहीत" एवढंच ऐकायला मिळतं. लेखी अर्ज दिला तर पोच घेण्यासाठी कुठल्या खिडकीवर जायचं?

आणि राज्याच्या नर्सिंग होम नोंदणीच्या २०२१ च्या नियमांनंतर खासगी दवाखान्यांबद्दल महापालिकेकडे तक्रार करता येते. सोलापुरात कुणी केलीय का? पुढं काय झालं ते सांगा. "पुण्याला जा" हा सल्ला घरच्यांनी देऊन झालाय, तो सोडून बोला.