घरातील वृद्धांची ताकद नेमकी कशाने ओसरली? (अनुभव धागा)

कोरेगावची लेक
परवा साताऱ्यात मोती चौकाजवळ कासाराकडे बांगड्या भरायला गेले होते. माझ्या आधी बसलेल्या आजींनी नेहमीच्या मापाच्या बांगड्या हातातून घरंगळतात म्हणून एक माप लहान मागितले. सोबतच्या सुनेने 'वय झाल्यावर असे व्हायचेच' असे म्हणून विषय संपवला, आणि मला माझी आजी आठवली.

आजोबा गेल्यानंतर एकटीसाठी चूल पेटवणे आजीच्या जिवावर येऊ लागले. सकाळी चहा आणि बटर, दुपारी आमटीत कुस्करलेली अर्धी भाकरी, रात्री पुन्हा चहा, आणि त्यात सोमवार, चतुर्थी, एकादशी असे उपवास. तिच्या चोळ्या आवळून घ्याव्या लागल्या तेव्हा शिंप्यालाही ते दिसले. आम्हाला मात्र दिसले नाही, कारण ताप नव्हता, खोकला नव्हता आणि तपासण्यांचे कागद स्वच्छ होते. आधी आठवड्याचा बाजार सुटला, नंतर देऊळ सुटले, मग शेजारच्या अंगणापर्यंत जाणेही सुटले. उंबऱ्यात अडखळून पडली तेव्हा सगळ्यांनी उंबऱ्याला दोष दिला.

तुमच्या घरी हे कुठून सुरू झाले? आहार, औषधे, एकटेपणा, आजारपण, काहीही असो, आठवेल तसे लिहा.

मिरजेची फिजिओ
ताई, तुमच्या आजीच्या वर्णनात म्हातारपणातील दुर्बलतेची (इंग्रजीत 'फ्रेल्टी') जवळजवळ सगळी लक्षणे आली आहेत. अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञ लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या दुर्बलतेचे पाच निकष मांडले: प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलो किंवा शरीराच्या वजनाच्या पाच टक्के घट, सततचा थकवा, हाताच्या मुठीची कमी झालेली पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यांपैकी तीन किंवा अधिक असल्यास व्यक्ती दुर्बल मानली जाते; एक-दोन असतील तर ती त्या वाटेवर असते, आणि तेथून माणसाला मागे फिरवता येते. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच मधली पायरी, कारण त्या वेळी कोणी दवाखान्यात येत नाही. आमच्याकडे माणसे येतात ती पडल्यानंतर.

घरी करता येईल अशी एक परीक्षा सांगते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात छातीशी घडी घालून सलग पाच वेळा उठून बसायला सांगा. स्नायूंच्या ऱ्हासावर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार त्याला १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर पायांचे स्नायू क्षीण झाल्याचा तो इशारा समजतात. जवळ कोणीतरी उभे राहा, एवढे मात्र पाळा.

विट्याचा गलाईवाला
आमच्या खानापूर तालुक्यातील निम्मी घरे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. गावात बंगले आहेत, बंगल्यांत टाइल्स आहेत आणि त्या टाइल्सवरून जपून चालणारे दोन म्हातारे जीव आहेत. मी कोइमतूरला असतो. आई होती तोवर वडिलांचे वेळेवर खाणे, औषधे आणि भांडणे सर्व सुरळीत चालले होते. ती गेल्यावर त्यांना पैशाची कमतरता पडली नाही, परंतु समोर बसून जेवणारे कोणी उरले नाही. फोनवर विचारले की 'जेवलो' म्हणत. दिवाळीला गेलो तेव्हा करदोटा कमरेवरून खाली उतरलेला पाहिला. डॉक्टरांनी वजन पाहण्याआधी 'झोप कशी लागते, कोणाशी बोलता, कशात मन रमते' असे विचारले, आणि खिन्नतेवर उपचार सुरू केले. शेजारच्या काकूंकडे दोन्ही वेळच्या जेवणाची व्यवस्था लावली, मात्र डबा घरी मागवायचा नाही, त्यांच्या ओट्यावर जाऊन जेवायचे, या अटीवर.

आमराई सांगली
ओट्यावर जाऊन जेवण्याची अट फार आवडली, दादा.

कुकरची शिट्टी
वाचते आहे. सासूबाईंविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु त्या शेजारीच बसलेल्या आहेत आणि त्यांना चष्म्याशिवायही माझा फोन वाचता येतो. रात्री लिहीन.

वाळव्याचा धाकटा
आमचे आप्पा न्यूमोनियाने दवाखान्यात दाखल झाले तोवर रोज मळ्यात चक्कर मारत होते. तेथे सर्वांनी त्यांची इतकी सेवा केली की त्यांना पाय जमिनीला लावू दिला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण 'आप्पा, उठू नका' म्हणे, आत्या घास भरवी, मी लघवीचे भांडे लावी. फुफ्फुस बरे झाले आणि पाय गेले. पुढे वाचनात आले की निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवून २००७ मध्ये एक अभ्यास झाला होता. तेवढ्या काळात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस घटले. ते तर निरोगी होते. तापाने फणफणलेल्या आणि जेमतेम पेज पिणाऱ्या माणसाचे काय होत असेल? डॉक्टरांची परवानगी असेल तर रुग्णाला दिवसातून काही वेळा खुर्चीत बसवावे आणि शौचालयापर्यंत आधार देऊन चालवावे, असे मी आता भेटायला जाईन तेथे सांगतो, आणि आगाऊ ठरतो.

मिरजेची फिजिओ
आगाऊपणा चालू ठेवा, दादा. आमचे निम्मे काम वाचेल.

दहिवडीची सून
येथे आहार आणि आजारपण आले, पण आयुष्यभराचा हिशोब कोणी मांडला नाही, म्हणून लिहिते. माणदेशात 'जुनी माणसे कष्टाने काटक झाली' असे अभिमानाने सांगतात. माझ्या आजेसासूबाई खरोखर काटक होत्या. परंतु त्यांच्या बरोबरीच्या ज्या बायका साठीतच वाकल्या, त्यांना कोणी उदाहरणात घेत नाही. लहान वयातील लग्न, पाठोपाठची बाळंतपणे, सर्वांत शेवटी आणि उरलेले जेवण, रक्ताची कमतरता, दुष्काळात डोक्यावरून वाहिलेले पाणी, आणि शाळेचे तोंडही न पाहिल्यामुळे औषधाच्या चिठ्ठीपासून पेन्शनच्या अर्जापर्यंत दुसऱ्यावर अवलंबून राहणे. हे सर्व म्हातारपणी एकत्र वसूल होते. स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक वर्षे जगतात, तरी दुर्बलतेचे प्रमाण त्यांच्यातच अधिक आढळते, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. ताकद ही कणगीतल्या धान्यासारखी असते. ज्यांची कणगी ऐन सुगीतही भरली नाही, त्यांना एक पडसेसुद्धा उन्हाळ्यासारखे लागते.

पुरुषांचेही सांगते. आमचे आजेसासरे मुंबईला सूतगिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गावी परतले ते कापसाच्या धुळीने खराब झालेली छाती आणि विडीचे व्यसन घेऊन. दम लागतो म्हणून चालणे कमी, चालणे कमी म्हणून पाय बारीक, आणि पाय बारीक म्हणून थोड्या चालण्यानेही अधिक दम. त्या दोघांकडे पाहून मला केवळ वयाला दोष देणे पटत नाही.

कुकरची शिट्टी
दहिवडीच्या ताई, 'सर्वांत शेवटी आणि उरलेले' हे वाचून थांबले. आमच्याकडे ते आजही चालू आहे आणि सासूबाई स्वतःच ते सोडायला तयार नाहीत. वर दाढा काढल्यापासून शेंगदाणे, उसळी, भाकरीचा पापुद्रा सर्व बंद. चहात बुडवलेली बिस्किटे तेवढी चालतात. कवळी करून दिली आहे, ती डबीत सुखरूप आहे.

दहिवडीची सून
कवळी टोचत असेल तर दंतवैद्याकडून घासून घ्या. बहुतेक कवळ्या त्यामुळेच डबीत राहतात. तोवर हुलग्याचे माडगे द्या. हुलगे भाजून, भरडून केलेले पीठ पाण्यात कालवून शिजवायचे, त्यात थोडा गूळ आणि सुंठ घालायची. चावावे लागत नाही, आणि शंभर ग्रॅम हुलग्यांत सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने असतात.

आमराई सांगली
माडग्यात गूळ? आमच्याकडे लसूण आणि जिऱ्याची फोडणी असते.

दहिवडीची सून
तुमच्याकडे कृष्णा आहे, तुम्ही काहीही घालू शकता.

कऱ्हाडचा औषधवाला
औषधांचे दुकान असल्यामुळे मला पिशव्या दिसतात. एका काकांच्या पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या, प्रोस्टेटची एक, झोपेची एक, मधुमेहाच्या दोन आणि कोणीतरी दिलेली 'ताकदीची' एक होती. सकाळी उठताच डोळ्यांपुढे अंधारी येत होती. पाच किंवा त्याहून अधिक औषधे एकाच वेळी चालू असणे हाच दुर्बलतेशी जोडलेला एक धोका मानला जातो: उभे राहताना रक्तदाब घसरतो, झोपेच्या गोळीने तोल जातो, काही औषधांनी भूक मरते. मधुमेहाचे मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि शाकाहारी घरात ते आधीच बेताचे असते. पायांना मुंग्या येत असतील तर तपासून घ्यावे. मी काकांना सर्व पिशवी घेऊन एकाच फिजिशियनकडे पाठवले. काही गोळ्या बंद झाल्या, काहींची वेळ बदलली. ही काटछाट घरच्या घरी मात्र करू नये. रक्तदाबाची गोळी परस्पर थांबवून अर्धांगवायू झालेले लोकही मी पाहिले आहेत.

आमराई सांगली
माझे सासरे २०१९ च्या महापुरापर्यंत रोज पहाटे आमराईत फिरायला जात. घरात पाणी शिरल्यावर नणंदेने त्यांना पुण्याला नेले, सातव्या मजल्यावर. सर्व सुखसोयी होत्या, परंतु कट्टा नव्हता. त्यात ऐकू कमी येते; सांगलीत मित्र ओरडून बोलत, पुण्यात कोण ओरडणार? बोलणे थांबले तसे बाहेर जाणे थांबले. परत आणले तेव्हा रस्ता ओलांडायलाही घाबरत होते. कानाचे यंत्र आणि जुने मित्र या दोहोंनी बराच फरक पडला. चालणे पूर्वीसारखे झाले नाही. आमराईच्या फाटकापर्यंत जातात आणि तेथेच बाकावर बसून उरलेल्या मंडळाची हजेरी घेतात.

कुकरची शिट्टी
फिजिओ ताई, सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि गुडघे दुखतात. मी त्यांना काम करू देत नाही, तर त्या रागावतात. खुर्चीचा व्यायाम चालेल का? आणि प्रथिने किती द्यावीत?

मिरजेची फिजिओ
त्यांचा राग योग्य आहे. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या, देवपूजा, जमेल ते काढून घेऊ नका. गुडघे दुखत असतील तर खुर्ची उंच घ्या, हवे तर उशी ठेवा, आणि सुरुवातीला हातांचा आधार घेऊ द्या. दुखणे वाढले, सूज आली किंवा चक्कर आली तर थांबवा आणि दाखवून घ्या. वृद्धांना दर किलो वजनामागे रोज एक ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला पन्नास ते साठ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा. वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर करून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कुकरची शिट्टी
कॅलेंडरवर दूधवाल्याचा हिशोब असतो, त्याच्या खाली लिहीन. माडग्याचे कसे करावे, गूळ की फोडणी, हे तेवढे दोघींनी मिळून ठरवा.