शब्दचर्चा: देवाने जग उत्पन्न केले, निर्माण केले की सर्जिले?

दीडरुपया:
मंडळी, अडलंय. वांद्र्याच्या एका धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) युवा गटासाठी इंग्रजी पुस्तिका मराठीत करतोय. विषय असा, की जग देवाने केलं असं मानणाऱ्या माणसाने महास्फोट आणि उत्क्रांती यांचं काय करायचं. भाषा सोपी आहे, पण सगळा डोलारा एका फरकावर उभा आहे: 'ओरिजिन' वेगळं, 'क्रिएशन' वेगळं. कशातून काय झालं, केव्हा झालं, कसं झालं हा ओरिजिनचा भाग, तो विज्ञानाने बघावा. क्रिएशन म्हणजे काहीच नसण्याऐवजी काहीतरी आहे आणि या घटकेलाही टिकून आहे, ते कुणाच्या जिवावर. पहिल्याला 'उत्पत्ती' आणि दुसऱ्याला 'निर्मिती' लावून अर्धं काम उरकलं होतं. तर कच्चा खर्डा वाचून गटाचे एक ज्येष्ठ म्हणाले, "अहो, उत्पत्ती हे तर बायबलच्या पहिल्या पुस्तकाचं नाव. 'प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी ही उत्पन्न केली.' आणि तुम्ही लिहिताय, उत्पत्ती हा विज्ञानाचा प्रांत. म्हणजे पहिलं पुस्तकच देऊन टाकलं की!" मुद्दा बिनतोड आहे. जाणकारांनी मार्ग सुचवावा. गुरुवारी छपाईला जायचंय.

गावठाणकर:
'निर्मिती' नको. नाटकाची निर्मिती होते, विजेची होते. आमच्या घरी विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणताना आजी 'उत्पन्नकर्ता' म्हणायची, मीही तेच म्हणत मोठा झालो. पण माझ्या मुलाला त्यात फक्त पैसे ऐकू येतात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत रांग लावलेला पोरगा तो. त्याला उत्पन्नकर्ता म्हणजे घरातला कमावता माणूस वाटला तर चुकलं काय त्याचं?

विसर्ग:
धातूंकडे बघा. 'निर्माण'मध्ये मा आहे, मोजणे. मान, परिमाण, प्रमाण सगळी त्याच घरातली. निर्माता म्हणजे मोजूनमापून घडवणारा, आणि मोजायला समोर आधी माल हवा. 'सृष्टी'त सृज्, म्हणजे सोडणे, बाहेर टाकणे. विसर्जन, उत्सर्जन, झालंच तर माझं टोपणनाव, त्यातलेच. मुंडकोपनिषदात कोळी स्वतःतून धागा सोडतो आणि परत आत घेतो, तिथे 'सृजते' हेच क्रियापद आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्र म्हणतं, देवाने जग शून्यातून केलं. समोरच्या मालातून नाही आणि स्वतःच्या अंगातूनही नाही. म्हणजे दोन्ही धातू बाद. उरली उत्पत्ती. उत् अधिक पद्, वर येणे, उगवणे. गंमत अशी, की उत्पत्ती होते आणि निर्मिती कुणीतरी करतं. उत्पत्तीला कर्ता लागतच नाही, म्हणून बायबलच्या भाषांतरात 'उत्पन्न'पुढे 'केली' जोडावं लागलं. विज्ञानाला ती सोयीची पडते तीही याच कारणाने. तुमची मूळ वाटणी बरोबर होती, ज्येष्ठांचं ऐकू नका.
ता.क. कुणी 'सृजन' सुचवू नये. शुद्ध रूप सर्जन. सृजन हा हिंदीतून घुसलेला पाहुणा.

पागोळी:
'सर्जन' छापलंत तर लोकांना वाटेल देव ऑपरेशन करतो. आदामाची बरगडी काढली हे खरं, तरीपण.

वसईची_लेक:
😄 विसर्ग, ज्येष्ठांचं ऐकू नका म्हणणं सोपं आहे. पुस्तिका वाचणार तेच. आमच्याकडे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येणाऱ्या बहुतेकांच्या कानात 'उत्पत्ती' म्हणजे अध्याय आणि ओवीसारखं पाठ झालेलं वाक्य.
मूळ हिब्रूत तिथे 'बारा' आहे. साध्या रूपात या क्रियापदाचा कर्ता अख्ख्या जुन्या करारात फक्त देव असतो. माणूस घडवतो, बांधतो, रचतो; 'बारा' करत नाही. मराठीत देवासाठी राखून ठेवलेलं असं क्रियापदच नाही, खरी गोची ही. शिवाय पहिल्या अध्यायात 'बारा' मोजक्या जागी येतं. झाडपाला आणि जनावरं यांच्या वेळी देव पृथ्वीलाच सांगतो की तू उपजव. मला हा शब्द फार आवडतो. उपजणे, उपज, उपजत. पृथ्वीने उपजवलं आणि तरी ते देवाचंच, हे दोन्ही एका दमात म्हणता येतं. उत्क्रांतीचं भांडण तिथेच अर्धं मिटायला हवं होतं.

पागोळी:
माणूस बारा करत नाही, माणसाचे बारा वाजतात.

शब्दशः:
एवढी कसरत कशाला? पवित्र शास्त्रात, बायबलात, सहा दिवस लिहिलंय, सहा दिवस म्हणजे सहा दिवस. शब्द बदलून श्रद्धा पातळ करायची आणि वर त्याला समन्वय म्हणायचं.

वसईची_लेक:
शब्दशः, सूर्य चौथ्या दिवशी येतो. त्याआधीचे तीन दिवस कुठल्या घड्याळाने मोजायचे? ही शंका डार्विननंतर सुचलेली नाही. संत ऑगस्टीन पाचव्या शतकाच्या सुरुवातीला याच दिवसांवर डोकं खपवत होते, आणि हे आपले चोवीस तासांचे दिवस नव्हेत असं त्यांचं मत पडलं. त्यांची श्रद्धा पातळ होती असं कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.

गावठाणकर:
'दिवस' शब्दाचं आपल्याला कौतुक नसावं. ब्रह्मदेवाचा एक दिवस 432 कोटी वर्षांचा. पृथ्वीचं वय 454 कोटी. जवळपास जुळलं!

अणुरेणू:
कृपया जुळवू नका. जुळवाजुळवीतूनच तर घोळ होतात, आणि त्याचा एक नामांकित नमुना याच विषयात आहे.
मी कुलाब्याच्या टोकाला भौतिकशास्त्रात होतो, स्वतः निरीश्वरवादी. तरी सांगतो, 'विश्वोत्पत्ती' हा आमच्याकडचाही ढिसाळ शब्द. महास्फोटाचा सिद्धांत एवढंच म्हणतो, की सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय तप्त आणि घन होतं आणि तेव्हापासून प्रसरण पावतंय. शून्यातून काही निघालं असं तो म्हणत नाही. 'स्फोट' तर आणखी दिशाभूल करणारा, कारण तो ऐकला की मोकळ्या जागेत फुटलेला सुतळी बॉम्ब डोळ्यापुढे येतो. इथे जागाच ताणली जाते. मूळ इंग्रजी नाव खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईलने 1949मध्ये रेडिओवर बोलताना दिलं आणि त्याला स्वतःला हा सिद्धांत मान्य नव्हता. आपले नारळीकर त्याचेच शिष्य. तेही शेवटपर्यंत महास्फोटाकडे संशयाने बघत आले.
आता नमुना. प्रसरणाची कल्पना 1927 साली मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन माणूस कॅथलिक धर्मगुरू होता. 1931मध्ये त्याने 'आदिअणू'ची कल्पना पुढे आणली. 1951मध्ये पोप पायस बारावे यांनी भाषणात या नव्या विश्वशास्त्राला बायबलातल्या 'प्रकाश होवो'च्या जवळ नेऊन बसवलं. कुणालाही वाटेल, लमेत्र खूश झाला असेल. झालं उलटं. सिद्धांत भौतिकशास्त्राचा आहे, त्यावर धर्माची इमारत बांधू नये आणि पाडूही नये, अशी त्याची भूमिका होती. विश्वाची नैसर्गिक सुरुवात आणि क्रिएशन या दोन गोष्टी तो कटाक्षाने वेगळ्या ठेवायचा. पुढे हाच माणूस पोपच्या विज्ञान अकादमीचा अध्यक्ष झाला.

दीडरुपया:
अणुरेणू, लमेत्र पुस्तिकेत आहेच! 'बिगिनिंग इज नॉट क्रिएशन' असं मथळ्यातच आहे. मी 'आरंभ म्हणजे निर्मिती नव्हे' केलंय, पण वाचणारा म्हणतो, मग निर्मिती कधी झाली?

अणुरेणू:
'कधी' हाच प्रश्न लागू नाही, असं त्यांचं म्हणणं ना? तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस म्हणाला होता, की जगाला आरंभच नसता, ते अनादी असतं, तरीही ते देवाने केलेलं असू शकतं. त्यात तार्किक विसंगती नाही. आरंभ आहे हे तो मानायचा, पण ग्रंथाच्या आधारावर, तर्काच्या नाही. म्हणजे समजा उद्या हॉईल-नारळीकरांचं आरंभ नसलेलं स्थिर विश्व खरं ठरलं असतं, तरी अक्वायनसचा देव बेकार झाला नसता. मला तो देव पटत नाही, पण बांधणी पक्की आहे. तेव्हा तुमच्या शब्दाला भूतकाळाचा वास नको. 'निर्मिती' म्हटलं की झाली आणि संपली. 'धारण' घ्या. धारण चालू असतं.

विसर्ग:
धारण म्हणजे सांभाळणे. ब्रह्मा, विष्णू, महेश यांतलं दुसऱ्याचं खातं पहिल्याला देताय.

मृगजळ:
कॉलेजात वनस्पतिशास्त्र होतं, झेवियर्सला. तिथलं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, फादर ब्लॅटर या स्विस जेझुइटाच्या नावाचं. नंतरचे फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, पुढे बोटॅनिकल सर्व्हेचे संचालक झाले. वाळवलेली फांदी जाड कागदावर चिकटवलेली, पानाची एक बाजू वर आणि एक पान मुद्दाम उलटं, की मागच्या शिरा दिसाव्यात; खाली उजव्या कोपऱ्यात लेबल. कुळ, नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. आयुष्यभर सकाळी मिस्सा करणाऱ्यांनी भरलेली ही लेबलं, पण 'कर्ता' असा रकाना एकावरही नव्हता.

अणुरेणू:
असता तर देवही कुळ आणि ठिकाणासारखी एक नोंद झाला असता. पुस्तिकेची तक्रार नेमकी तीच दिसते.

सत्यशोधकी:
इतकी चर्चा झाली आणि महाराष्ट्रातच तयार असलेला शब्द कुणाच्या ओठावर येऊ नये? निर्मिक! जोतीराव फुल्यांचा. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक', 1891, त्यांच्या निधनानंतर छापलं गेलं. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला माणूस. त्याला ब्रह्मा नको होता, अवतार नको होते, तरी जग करणारा एक आहे हे मान्य होतं. त्याने ना धातुपाठ उघडला ना कुणाची परवानगी घेतली. शब्द केला आणि वापरला. घ्या की तो.

वसईची_लेक:
शब्द देखणा आहे, पण सोबत भाडेकरूही येतो. फुल्यांच्या मते कुठलाच एक धर्मग्रंथ पूर्ण सत्य नाही. धर्मग्रामाच्या पुस्तिकेत निर्मिक आला की ज्येष्ठ पुन्हा फोन करतील.

सत्यशोधकी:
करू देत. फादर स्टीफन्सने 1616च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला बिनदिक्कत वैकुंठ म्हटलं. विष्णूच्या घरात येशूला बसवायला धाडस लागलं नाही आणि फुल्यांचा शब्द घ्यायला लागतं?

शब्दशः:
स्टीफन्सचं चुकलंच होतं. म्हणूनच पुढच्यांनी शब्द पारखून घेतले.

गावठाणकर:
मग 'अस्तित्वदान' कसं वाटतं? देवाने जगाला अस्तित्व दिलं, देतोय.

पागोळी:
रक्तदान, नेत्रदान, अस्तित्वदान. शिबिर कुठे आहे?

विसर्ग:
अवांतर होतंय, पण ज्या 'उत्क्रांती'पासून सगळं सुरू झालं ती तरी कुठे धड आहे? संस्कृतात उत्क्रान्ती म्हणजे प्राण शरीरातून निघून जाणे. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यांत मेल्यावर जीव कसा बाहेर पडतो याची चर्चा या शब्दाने होते. आणि मराठीने तो सजीवांच्या इतिहासाला चिकटवला.

मृगजळ:
चिकटवला आणि रुळला. 'विकासवाद'पेक्षा शंभर पट बरा. विकास म्हटलं की कुणीतरी वर चढतंय आणि शिखरावर आपण. जिवाणूंचं काही अडलेलं नाही, तेही तितकेच उत्क्रांत. आणि ते 'माकडापासून माणूस' तर बंदच करा. माकड आणि माणूस यांचा पूर्वज एक, एवढंच. 'पासून' या एका शब्दयोगी अव्ययाने मराठी माणसाचं जितकं नुकसान केलंय तितकं कुठल्याही प्रवचनाने केलं नसेल.

वसईची_लेक:
प्रवचनांना कशाला ओढता? उत्क्रांती हे नुसतं गृहीतक उरलेलं नाही, असं 1996मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनीच म्हटलंय.

दीडरुपया:
ज्येष्ठांशी बोललो. विज्ञानाला 'उपज' देऊ आणि 'उत्पत्ती' पुस्तकाच्या नावापुरती ठेवू, इथवर ते आले. क्रिएशनला 'क्रिएशन'च राहू दे म्हणतात, देवनागरीत.

विसर्ग:
हद्द झाली. तमाम संस्कृत हाताशी असताना?

सत्यशोधकी:
म्हणून तर सांगतोय, निर्मिक.

विसर्ग:
आधी तुमच्या शब्दाची वेलांटी ठरवा. इक प्रत्ययाचा तत्सम असेल तर ऱ्हस्व, सामाजिक, वैचारिक यांच्यासारखा. पण तत्सम म्हणून तो कुठल्याच कोशात बसत नाही. मराठीच मानलात तर अकारान्त शब्दाचं उपान्त्य दीर्घ, गरीब, वकील यांच्यासारखं, म्हणजे निर्मीक.

सत्यशोधकी:
हा नियम फुल्यांच्या नंतरचा. आज नव्याने छापलेल्या मजकुरात दोन्ही दिसतात.

विसर्ग:
दोन्ही दिसतात म्हणजे एक चूक आहे.

मृगजळ:
1891च्या छापील प्रतीचं पान कुणी पाहिलंय का? फोटो असेल तर इथे टाका.