चंपाषष्ठीचा नैवेद्य आणि गेटवरचा शेरू

ए-२०३, ताई: आज चंपाषष्ठीचा नैवेद्य झाल्यावर कोणीतरी गेटजवळ शेरूसाठी भरीत-रोडगा ठेवला होता. खंडोबाचं कुत्रं म्हणून त्याचा घास काढतो आपण, ते योग्यच आहे. पण भरितात कांद्याची पात आणि लसूण असतो, आणि कुत्र्याला ते विष आहे. मी ताट उचललं. कोणाला वाईट वाटलं असेल तर माफ करा.

सी-१०१, आप्पा: ताई, आमच्या गावी वाडवडिलांपासून घालतात. कुत्र्याला काही झालेलं पाहिलं नाही.

ए-२०३, ताई: आप्पा, लगेच काही दिसत नाही, म्हणूनच लक्षात येत नाही. कांदा-लसणाने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ते कळायला दोन-चार दिवस जातात. मागच्या हिवाळ्यात गच्चीवर भरीत पार्टी झाली, आमच्या ब्राउनीने अख्खं पातेलं चाटून काढलं. तीन दिवस मस्त खेळला. चौथ्या दिवशी जिन्याच्या मधल्या पायरीवरच बसला. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी काळ्या चहासारखी. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सलाईन लावलं, तेव्हा वाचला. अजून ती पायरी आली की माझा हात त्याच्या पाठीवर जातो.

१० किलोच्या कुत्र्याला १५० ग्रॅम कांदा, म्हणजे दोन मध्यम कांदे, एवढ्यानेही त्रास होऊ शकतो. रोज थोडा थोडा पोटात गेला तरी होतो. शिजवून, भाजून, वाळवून विष जात नाही. शेवभाजीच्या रश्शातलं वाटणही त्यातच आलं.

बी-३०४, वहिनी: अगं बाई! मी एकादशीला उरलेलं रताळं देते त्याला. गाजरसुद्धा.

ए-२०३, ताई: ते चालतं वहिनी. रताळं उकडून, सोलून, तूप-साखरेशिवाय दोन-तीन फोडी. गाजर कच्चं चालतं, पण बारीक तुकडे करा, मोठा तुकडा घशात अडकतो. बटाटा उकडलेलाच. हिरवा पडलेला, कोंब आलेला नको. कच्चं सुरण, अळकुड्या तर अजिबात नको, आपला घसा खवखवतो तसाच त्याचाही. बिटाची फोड चालते, त्याने लघवी लाल झाली तर घाबरू नका. पण सोबत कुत्रं मलूल झालं तर थांबू नका, दवाखान्यात न्या.

डी-००२, आजी: शेरूनी काही खादं का माय? आते बरा शे ना?

ए-२०३, ताई: आजी, वॉचमन भाऊ म्हणतात दोनच घास खाल्ले. अंगाने मोठा आहे, तेवढ्याने काही व्हायला नको. तरी चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्याच्या हिरड्या बघते.

सी-१०१, आप्पा: संध्याकाळची पाळी माझी. नुसता बाजरीचा रोडगा वेगळा काढलाय त्याच्यासाठी. दुधात कुस्करू का?

ए-२०३, ताई: पाण्यात कुस्करा आप्पा. दुधाने त्याला जुलाब होतात.