होलाशोवित्से गावाबद्दल मदत हवी आहे (दक्षिण चेकिया)

नमस्कार मंडळी. मे महिन्यात प्रागला मुलीकडे जातोय. प्राग तर सगळेच बघतात, मला मात्र दक्षिण बोहेमियातलं होलाशोवित्से हे चिमुकलं गाव गाठायचंय. चेस्के बुद्येयोवित्से शहराच्या पश्चिमेला साधारण १५ किलोमीटरवर, ब्लान्स्की लेस डोंगरांच्या पायथ्याशी. मध्ये लांबट हिरवं पटांगण, त्यात तळं नि छोटं चॅपल, आणि भोवती शेतकऱ्यांचे वाडे, रस्त्याकडे तोंड करून एका ओळीत. त्यांच्या नक्षीदार, वळणदार दर्शनी भिंती बहुतेक १९व्या शतकातल्या. त्या शैलीला 'ग्रामीण बरोक' म्हणतात. १९९८ साली युनेस्कोच्या यादीत नाव लागलं.

गावाची पहिली नोंद १२६३ची. १५२०च्या दशकात प्लेगने गाव जवळजवळ पुसलं, म्हणे दोनच माणसं वाचली. मग बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडून जर्मन भाषिक येऊन वसले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनाही हाकललं गेलं. वाडे ओस पडले, म्हणूनच जुनं रूप टिकलं. विचित्रच नशीब!

आता प्रश्न. बुद्येयोवित्सेहून बसने जाऊन त्याच दिवशी परतता येतं का, की गाडीच बरी? शनिवार-रविवारी बस असते का? एखादा वाडा आतून बघता येतो का? आणि त्या जर्मन कुटुंबांच्या खुणा, थडगी वगैरे, जवळपास कुठे दिसतात का? गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, तेवढं लक्षात घेऊन सांगा.